अंक सतरावा

गोळीबार चौकाच्या मागं, रात्री सव्वाबाराला
कूलरचा पंप घरघरतोय
आणि मी सतराव्या अंकाची अनुक्रमणिका लावतेय.

सहा कथा, नऊ कविता.
एका कथेत नाग नदी उलटी वाहते, सांडपाण्यासकट,
आणि काठचे लोक तरुण होत जातात.
दुसरीत झिरो माइलच्या खांबावर
एका पहाटे नवं अंतर कोरलेलं सापडतं,
गावाचं नाव पुसट, मैल मात्र स्पष्ट: चार.
बुटीबोरीहून आलेल्या कवितेतला यंत्रमानव
शिफ्ट संपल्यावर बंद कसं व्हायचं ते विसरलाय.
ती मी तीनदा वाचली. मग चहा टाकला.

बाबा जागेच. मे महिन्यात त्यांना झोप नसते,
माग विकला त्या वर्षापासून इतर महिन्यांतही.
"काय करून रायली वं?"
अंक, म्हटलं. न घडलेल्या गोष्टींचा.
"घडलेल्या का कमी हायेत?"
पण खुर्ची ओढली. "वाच एखादी."

देवलापारच्या शेफाली मडावीची वाचली:
चंद्रावर एकटी बाई, खड्ड्याचा माग,
राखेच्या रंगाचं लुगडं,
पृथ्वी दिसते तेवढ्याच वेळात काठ विणायचा.
बाबा डोळे मिटून ऐकत होते,
शेजारच्या मागाचा आवाज ऐकून
कुठला धागा तुटला ते सांगायचे, तसे.

"थांब. ताण्याले वजन कायचं बांधलं तिनं?"
दगडाचं.
"चंद्रावर दगड हलका रायते ना? तूच सांगे शाळेतून येऊन.
मंग ताणा सैल पडन. कापड नाही व्हाचं ते, जाळं होईन.
सहापट दगड लागन. सांग त्या पोरीले."

प्रकाशाहून वेगवान जहाजं
मी आजवर बिनतक्रार जाऊ दिली होती.
दगडापाशी अडले.

एकला मेल केली. एक वीसला उत्तर:
"मग तिला दगडांसाठी लांब जावं लागेल.
जाऊ दे. ती जागा मलाही रिकामी वाटत होती."
आणि अडीचपर्यंत चारशे शब्द वाढून आले:
चौदा दिवसांच्या रात्रीत ती दगड वेचते,
एकेकाला घरच्यांची नावं देते,
ओळीनं ताण्याला टांगते.
आत्याचा दगड सगळ्यात जड.

दहा मिनिटांनी लाइट गेली.
उरलेला अंक मोबाइलच्या नेटवर चढवला,
घामानं बोट स्क्रीनवरून घसरत होतं.
शेवटी श्रेयनामावलीत एक ओळ:
मागविषयक सल्ला, डोमाजी हेडाऊ.

बाबांनी चष्मा आणला, फोन हातभर लांब धरला.
"ऊ दीर्घ हाये ना? हाव. बराबर हाये."
मग जरा वेळानं,
"किती लोक वाचतीन?"
चाळीस. कधी पन्नास.

त्यांनी मनात काहीतरी मोजलं.
"लुगड्याले आमाले चार दिवस लागे.
नेसे एकच बाई."

लाइट आली तशी ते उठले,
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी टाकलं.