गज टेकण्याआधी

मासिकात लिहिलंय: नव्या अ‍ॅम्प्लिफायरवर
गज तारेला टेकण्याआधीचा
वादकाचा श्वासही ऐकू येतो.

"भंपकपणा," कौको म्हणाला. "जाहिरातीचं मीठ खाल्लंय त्यानं."
"आधी ऐक तर," सेप्पो गुरगुरला.
होडी विकून त्यानं हे धूड आणलं होतं.

ताम्पेरे. तळघर. बाहेर उणे एकवीस.
सुई खाली आली.

आणि खरंच, चेलोच्या आधी
एक श्वास: खरखरीत, जवळचा,
जणू याच खोलीतला.
कौकोनं टोपी काढली.

कोपऱ्यातल्या मार्टीला मात्र ठाऊक होतं,
चाळीस वर्षं कागद गिरणीत काढलेली
आपली छाती कशी वाजते.

सेप्पोनं सुई पुन्हा उचलली.
"परत ऐका."
मार्टीनं तोंडावर मफलर ओढला,
मग काढला,
आणि वेळेवर श्वास घेतला.