सव्वासहा

भाचीनं पुण्याहून फोटो पाठवला :
सोफ्याशेजारी उभा पितळी दिवा,
वर तागाची टोपी, खाली सायीसारखा उजेड.
मावशी, तुमच्या कोपऱ्यात अस्साच हवा.
ह्यांनी चष्मा कपाळावर सारून फोटो मोठा केला
आणि म्हणाले, वायरिंग गचाळ आहे.
वायर दिसतसुद्धा नव्हती.

छत्तीस वर्षं खांबावर चढलेला माणूस.
मिरज-तासगावच्या मळ्यामळ्यांत उजेड जोडून आला,
घरात एकच ट्यूबलाइट, तीही
पेटायच्या आधी चार वेळा विचार करणारी.

मग गेलो गणपती पेठेमागं, दिगंबर वडक्यांकडं.
बंबाला आता गिऱ्हाईक नाही,
बंब येतात ते मोडीत.
त्या ढिगात एक फवारणीचा पंप होता,
पाठीवर बांधायचा, कुणाच्या तरी द्राक्षबागेतला,
आत मोरचुदाचा साका अजून हिरवा.
ह्याच्या नळीचा खांब करू, वडके म्हणाले,
आणि बुडाला हे :
हळदीच्या अडतीतलं वीस किलोचं बिडाचं वजन.
म्हैस धडकली तरी हलायचा नाही.

म्हैस नाही येत हो आमच्या हॉलमध्ये, मी म्हटलं,
पाणी येतं.

लेथचा पट्टा तेवढा फिरत राहिला.

उंची?
साडेचार फूट ठेवतात. बसलेल्याच्या डोळ्यात बल्ब खुपत नाही.
हे म्हणाले, होल्डर सव्वासहा फुटांवर.
भरमूअण्णा, शोभायचा नाही.
सव्वासहा. आणि बटणपण वरच.
वडक्यांनी खडूनं फरशीवर आकडा लिहिला,
मान खाली ठेवूनच विचारलं,
तुमच्याकडं किती आलं होतं?
पाच-आठ.
आमच्याकडं खिडकीच्या वर.
दुसरीकडं माणसं गाव विचारतात, कूळ विचारतात,
आम्ही सांगलीत हे विचारतो.

दिवा टेंपोतून आला, वाकळेत गुंडाळून,
आजारी माणसाला आणावा तसा.
दोघांनी धरून कोपऱ्यात उभा केला.
त्या भिंतीला आम्ही दोनदा रंग दिलाय,
आधी पिस्ता, मग मोतिया,
दिवसा तिथं काही म्हणजे काही दिसत नाही.
संध्याकाळी ह्यांनी हात उंचावून बटण दाबलं.
उजेड वरून तिरका उतरला
आणि भिंतीवर ती रेघ उठली,
कॅलेंडरच्या मागून, दाराच्या चौकटीपर्यंत,
घडी मोडलेल्या लुगड्यावर राहते तशी.

मी म्हटलं, उद्या पेंटरला फोन करते.
हे रेघेवरून बोट फिरवत गेले,
वायर कुठं तुटलीय ते चाचपावं तसं,
कपाटापाशी थांबले.
जेवायला वाढ, म्हणाले.
पेंटरला फोन राहिला तो राहिलाच.

भाची दिवाळीला आली, दिव्याभोवती फिरली.
झक्कास! पण जरा उंच झाला, ना?
हो गं, म्हटलं, माप चुकलं.

अमावस्येला मी त्याला चिंच लावते.
हात पोचतो तिथवर सोनं,
त्याच्या वर चहाच्या काढ्याचा रंग.
स्टुलावर चढू नकोस म्हणतात,
आणि स्वतः चढायचं विसरतात,
खांबांवरून उतरल्यापासून उंचीचं नाव काढत नाहीत.
आता दिव्यालाही एक रेघ आहे.

परवा रात्री फोनवर आयर्विन पुलाचा आकडा आला.
मग अर्ध्या तासानं दुसरा.
गाद्या वर गेल्या, धान्याचे डबे, टीव्ही, कागदांची पिशवी,
मांजर आपणहून गेलं.
ह्यांनी दिव्याची पिन काढली,
वायर खांबाला तीन वेढे देऊन बांधली,
मेन स्विच पाडला.
अंधारात मी विचारलं, ह्याला नाही घ्यायचं?

राहू दे, म्हणाले.
कुणीतरी खाली असावं.