पाऊणपट

तिथीची पाऊणपट करायची,
येईल त्या आकड्याला भरती.
अष्टमी म्हणजे सहा.
हे मला राजिवड्याच्या दिलावर सोलकरांनी सांगितलं,
जाळ्यातून मान वर न काढता.
तेव्हापासून माझा सराव पंचांगावर चालतो:
अमावास्या-पौर्णिमेला पहाटे ओहोटी,
भाट्याची पुळण फरशीसारखी घट्ट, तेव्हा लांब पल्ला.
अष्टमीच्या आगेमागे वाळू पाण्याखाली,
मग पूल, आणि पुलापलीकडचा चढ.

आश्विन. पहाटेचे पाच.
फोन सांगतो, हवेत ओल ब्याण्णव टक्के.
उरलेले आठ टक्के माझे.

मी बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
लादी साच्यातून निघून ट्रकात चढेपर्यंत
किती किलो कमी झाली
याची आमच्याकडे वेगळी वही असते: घट.
तशीच एक वही मी घरी ठेवलीय.
निघताना अठ्ठावन्न तीनशे.
परत आल्यावर सत्तावन्न शंभर.
टीशर्ट पिळण्याआधी वेगळा तोलते.

इथला घाम उडत नाही.
तो कोपरापर्यंत येऊन थांबतो,
पुढच्याची वाट बघतो, मग दोघं मिळून पडतात.
साताऱ्याची भाची म्हणते,
आत्या, मी दहा किलोमीटर पळते
आणि कपाळावर नुसतं मीठ राहतं.
आमच्याकडे बरणीतल्या मिठालाही
तांदळाचे दाणे सोबतीला द्यावे लागतात.

पहिल्या वर्षी ओढणी घेऊन पळायचे.
कोरडी शंभर ग्रॅम, ओली चारशे.
मांडवीवर लोकांना वाटलं मी बंड केलं.
मी फक्त तोलली.

बुटांचे दोन जोड: एक ओला, एक जास्त ओला.
आत रोज नवा पेपर कोंबते,
मोज्यांवर उलट्या अक्षरांत
निविदा सूचना उमटतात.
मांड्यांना खोबरेल, पट्ट्यांखाली खोबरेल,
तरी आंघोळीचा पहिला तांब्या
कुठं कुठं सोललंय ते सांगतोच.

दोन वर्षं मी या हवेशी भांडले.
पुण्यात छापलेला तक्ता भिंतीवर,
त्यात लिहिलेला वेग म्हणजे वेग.
मग एकदा कासोपच्या वळणावर,
सकाळी साडेआठला, अंगावर काटा आला.
घाम थांबला. थंडी वाजायला लागली, मे महिन्यात.
चिऱ्याच्या गडग्यावर बसले, ओकले,
गडग्यावरच्या मुंग्या किती शिस्तीत चालल्यात
एवढंच बघत राहिले.
घरी येऊन तक्त्यातल्या प्रत्येक आकड्यावर काट मारली
आणि शेजारी त्याची पाऊणपट लिहिली.

आता बाटलीत आगळ, मीठ, बोटाच्या पेराएवढा गूळ.
मानेवर रुमालात लादीची फुटकी कड.
ती मी कारखान्याच्या वहीत 'घट' म्हणूनच लिहिते.

काल नवमी. पुलाच्या ऐन मध्यावर
डाव्या बुटाचा तळ जिभेसारखा लोंबायला लागला.
चपाक चपाक करत राजिवड्यात गेले.
दिलावरचाचांनी बूट हुंगला, तोंड वाकडं केलं,
आणि जाळ्याच्या सुईनं, हिरव्या नायलॉननं शिवायला घेतला.
"काय गो, पळायचे किती देतात?"
मीच देते. नऊशे. डिसेंबरात, एकवीस किलोमीटर.
सुई थांबली.
"नऊशे भरून मिळतं काय?"
पदक. आणि एक केळं.
"वेलची?"
माहीत नाही, म्हटलं.
"विचारून घे," म्हणाले, आणि दातानं दोरा तोडला.

गाठ तळव्याला टोचते, असं सांगितलं
तर म्हणाले, पाण्यातली गाठ आहे,
कोरडीच टोचेल.

आज दशमी. साडेसात.
म्हणजे चढ.