शीर

तांडेल सिस्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
डोळ्यांवर जाऊ नकोस.
निळी दिसते ती वरवरची,
सुई लागताच पळते.
खरी खाली असते, दिसत नाही.
बोट ठेव. दाब. सोड.
दाबल्यावर जी परत वर येते ती शीर.
जी ताठच राहते ती नुसती कंडरा;
तिथे टोचलंस तर माणूस ओरडेल
आणि तू जन्मभर विसरणार नाहीस.

बावीस वर्षं झाली.
पहाटे साडेपाचला थंड डबा खांद्याला लावून
माहीमच्या गल्ल्यांतून
उपाशीपोटी ताटकळलेल्यांच्या बेल वाजवते.
हजारो कोपरांच्या खळग्यांतून
हे बोट फिरलंय.

मस्कतचं पत्र आलं तेव्हा
कुणाच्या तरी शुगरच्या पाठकोऱ्या रिपोर्टवर
मी मधोमध रेघ मारली.
डावीकडे: पगार तिप्पट. राहणं फुकट.
खोलीचं कर्ज दोन वर्षांत फिटेल.
उजवीकडे काही सुचेना.
शेवटी लिहिलं 'माहीत नाही'
आणि तेही खोडलं.
भाऊ म्हणाला, यात विचार कसला करायचा?
वहिनी तर दादरला जाऊन
चाकांची बॅगही बघून आली, लाल.

अंधेरीच्या एजंटने फुल्या मारून ठेवल्या होत्या,
सही इथे, इथे आणि इथे.
दोन झाल्या.
तिसरीवर पेन टेकलं
आणि हाताला काहीतरी लागलं.

भीती असेल, म्हटलं.
भीती माझ्या ओळखीची आहे,
ताठ असते, दाबून हलत नाही.
सत्तावीसची असताना तिलाच शीर समजले
आणि नाटेकर नावाच्या एका भल्या माणसाला
नाही म्हणून बसले.
तो काळानिळा डाग
अजून पुरता गेलेला नाही.

म्हणून मी हे नीट दाबून पाहिलं.
पाणी पिऊन येते म्हणून जिन्यात गेले,
मनातल्या मनात पगार रियालमध्ये मोजला,
लाल बॅग आठवली, कर्जाचा हप्ता आठवला.
मुकाट खाली बसलं.
मग सोडलं.
परत वर आलं. मऊ.
कसलीच घाई नसलेलं एक
नको.

त्यानंतर काहीच घडलं नाही.
कंपनी बुडाली नाही.
माझ्या जागी सुगंधा गेली,
तिने बदलापूरला वन बीएचके घेतला,
वास्तुशांतीला मी जेवून आले,
श्रीखंड छान होतं.
भाऊ दर गणपतीत आकडे काढून दाखवतो.
बरोबर असतात.
मी मोदकाला पाकळ्या पाडत राहते.

आज डिमेलो आंटी. वय चौऱ्याऐंशी.
गेल्या वेळी तिघांनी टोचून पाहिलं,
दोन्ही हात जांभळे.
सून मोबाइलचा टॉर्च धरते,
म्हणते, असं दिसेल.
राहू दे, मी म्हणते, बंद कर.
पट्टा बांधते. डोळे मिटते.
पतंगाच्या कागदासारखी कातडी,
खाली कुणीतरी दुधाचे क्रेट आपटतंय,
बोट सरकतं, सरकतं,
थांबतं.

'मिळाली काय गो?' आंटी विचारते.

दाबते.
सोडते.
वाट बघते.