किती?

आमच्यात सकाळी कुणी
झोप झाली का, असं विचारत नाही.
'किती?' एवढंच.
उत्तर मिनिटांत द्यायचं.
मूठ वळेपर्यंत किती,
नळाची तोटी फिरेपर्यंत किती,
ब्लाउजचं शेवटचं हूक लागेपर्यंत किती.

लिहून कुणी कळवत नाही.
सहा वाजता बोटं अक्षर दाबायच्या लायकीची नसतात.
सगळे फोनमध्ये बोलून धाडतात,
पांघरुणातले, चूळ न भरलेले आवाज.

मुरगूडची हसीना जमादार :
"पन्नास. आणि कानाची कपबशी गेली आज."
इचलकरंजीचे बाळगोंडा जॉबर,
ज्यांच्या हाताला अजून मागाचा थरका ऐकू येतो :
"दीड तास. थंडीत दोन व्हतं.
फायद्यात हाय म्हणायचं."
गडहिंग्लजचा कल्लाप्पा, वय सव्वीस,
पाठीचे मणके एकमेकांना धरून बसलेत त्याचे,
दुधाची गाडी चालवतो, मान वळत नाही;
आरशाशीच लगीन लावलंय म्हणतो :
"वीस. ऱ्हायलेलं घाटात सुटंल."

आणि मी, हुपरीची पद्मा.
पैंजणाला घुंगरू लावणारी.
अकरा महिने चिमटा हातात ठरला नव्हता.
घरात म्हणायचे, दिसत तर काहीच नाही.
शेजारीण म्हणायची, निरगुडीचा पाला बांध, दही सोड.
नवरा काहीच म्हणायचा नाही,
बाटलीचं झाकण सैल करून ठेवायचा आणि जायचा.

एकदाच भेटलो सगळे, सीपीआरमध्ये,
केसपेपरच्या रांगेत.
तोंडं ओळखीची नव्हती, मी हात बघत गेले.
नमस्कार कुणाचाच पुरता जुळला नाही.
तळव्यांच्या मधून वारा जाईल एवढी फट.
हसीना म्हणाली, "एवढ्यातनं देव आत यील की."
आम्ही इतके हसलो
की शिपाई म्हणाला, पेशंटचे नातेवाईक बाहेर थांबा.

गोळी मंगळवारची.
बुधवारी जेवणाचा वाससुद्धा नको होतो,
हे मला कुणाला समजावून सांगावं लागत नाही.
बुधवारी कल्लाप्पा फक्त विचारतो,
"पद्माक्का, लिंबू हाय का घरात?"

मग मार्चात एकदा
डोळे उघडले आणि मूठ मिटलेली होती.
झोपेतच मिटली असावी.
उघडली. परत मिटली.
तोटी फिरली. हूक लागलं.
पाच मिनिटं.

मी फोनमध्ये बोलले, "पस्तीस."
दुसऱ्या दिवशी, "तीस."
तिसऱ्या दिवशी हसीनाचा फोन.
"खोटं बोलायलाईस व्हय गं?"
मी गप्प.
"तुझ्या आवाजाच्या मागं घुंगरं वाजत हुती.
सव्वासहाला. कामाला बसलीस तू."

तुम्ही पन्नासवर, मी म्हटलं,
पाच कुठल्या तोंडानं सांगू?

पलीकडं कुकरची एक शिट्टी झाली.
"म्हंजे मी जन्मभर पन्नासच ऐकत बसू?
कुणाचं तरी पाच झालंय
हे मला कळाय नको?"
आणि ठेवला. रागानंच ठेवला.

चौथ्या दिवशी मी सांगितलं, "पाच."
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग गडहिंग्लजहून एक हॉर्न आला,
लांबलचक, नुसता हॉर्न,
आणि त्याच्या मागं कुणीतरी शिव्या घालत होतं
रस्त्यातनं गाडी काढ म्हणून.

आषाढात आकडा पुन्हा चढला.
सत्तर, मी सांगितलं.
रडायचं नाही असं ठरवलं होतं, आवाज फुटलाच.
"बरं," हसीना म्हणाली. "बस तशीच. मी पण बसलोय."
दोघींनी चहाची वाट बघितली,
ती तिकडं, मी इकडं.

तिच्या नातीसाठी पैंजण केलेत,
पाचच्या दिवसांतले.
नेहमीपेक्षा फासा मोठा ठेवलाय.
कारागिरीत बसत नाही तो, शेठ हसेल.
पण घालणार हसीना तिच्या पायात,
सकाळी, शाळेच्या आधी,
आणि बोटांना तो
सापडायला पाहिजे.