अठरा

कनॅबच्या पुढे, डांबर संपतं तिथे,
चारी चाकांना पितळी टोप्या बसवल्या
आणि हवा एकदम बोलायला लागली.
अठराला आपोआप मिटणार,
असं डबीवर छापलेलं.

पहिली मिटली. दुसरी तिच्या मागोमाग.
तिसरी घाईने, आधीच.
चौथी सुरूच.
हेरंब म्हणाला, थांबेल गं, ऑटोमॅटिक आहे.
मी वाळूत गुडघे टेकून मीटर लावला:
अठरा, साडेसतरा,
उन्हाकडचं एकोणीस,
आणि चौथं, सुस्कारा संपला तेव्हा, पंधरा.

बाबा वजनमापे खात्यात होते, कराडला.
बाजारात लोखंडी किलो तळहातावर तोलून
सांगायचे, हा आठ ग्रॅम खोटा.
दुकानदार शपथा घ्यायचा.
तू नाही रे, म्हणायचे, हा झिजलाय.

लव्हार ख्रिस्तेन्सन, रुतलेल्या गाड्या ओढणारा म्हातारा,
टेकून बघत होता.
मी काडी खुपसतो आणि मोजतो, म्हणाला,
चाळीस वर्षं, एकदा चुकलो नाही.
त्याचं चाक मी मापलं. बावीस.
तो मीटरकडेच संशयाने बघत राहिला.

पर्समधली नेलपॉलिश काढली,
चौथ्या टोपीवर तीन लाल ठिपके दिले.
पुढच्या खेपेला हिला एकवीस सांगायचं.

चाकं आता सैलावलेली,
पंगतीतून उठलेल्या माणसांसारखी.
गुलाबी वाळूवर गाडी चढू लागली
तेव्हा कुठे आठवलं:
बाबांची स्वतःची वजनं
दर वर्षी पुण्याला जायची, तपासून घ्यायला.
माझा मीटर
कधीच कुठे गेलेला नाही.