वेलांटी

पस्तीस वर्षं मी मुद्रितं तपासली
शनिपाराजवळ, दुसऱ्या मजल्यावर,
फडफडणाऱ्या ट्यूबलाइटखाली.
संपादकांचा नियम एकच:
बाई, ऱ्हस्व-दीर्घ बघा. मजकूर आमचा.

एकोणनव्वद साली पान तीनवर, खालच्या कोपऱ्यात,
जुन्नरकडच्या दोन मुली विहिरीत सापडल्या.
एकाच ओढणीनं मनगटं बांधलेली.
वार्ताहरानं लिहिलं होतं, 'विकृतिचे बळी'.
मी 'ति'ची 'ती' केली,
समासात लाल खूण,
आणि पुढचं पान ओढलं.

त्या रात्री मंदाकिनी ससूनची ड्यूटी करून उशिरा आली.
पिठलं गार झालं होतं.
घरमालकांच्या लेखी आम्ही मावसबहिणी.
तिला काही सांगितलं नाही.

पुढे टीव्हीवर तो यायला लागला,
मनगट मोडून चालणारा, लाडिक बोलणारा,
तो आला की मागे पिपाणी वाजायची.
शेजारच्या गद्रे वहिनी हसून हसून डोळे पुसत.
आम्हीही हसायचो. मंदा तर जरा जास्तच.
बायका मात्र कधी दाखवल्याच नाहीत.
याचं तिला बरं वाटायचं की वाईट,
विचारायचं राहून गेलं.

मग शब्द बदलत गेले, कुणी कळवलं नाही.
आधी 'अनैसर्गिक' गेलं, मग 'तसले',
मग अवतरणचिन्हं गळाली,
आणि एका रविवारी पुरवणीत
कर्वेनगरच्या दोघींचा चक्क फोटो,
कुंड्यांसकट, मांजरासकट.
गद्रे वहिनी पेपर घेऊन आल्या,
'वाचा हो, बरा आहे लेख,' म्हणाल्या
आणि आपली वाटी मागून परत गेल्या.
तो रद्दीत गेला असेल असं मला वाटायचं.
परवा मंदाची गादी उलटवली, तेव्हा सापडला.

वैकुंठाहून आल्यावर चौथ्या दिवशी
छोट्या जाहिरातींच्या खिडकीशी गेले.
माझंच ऑफिस, आतला मुलगा नवा, कानात बाळी.
फॉर्मवर रकाना: मृताशी नातं.
लिहिलं, मैत्रीण.
तो वाचून थांबला.
'किती वर्षं एकत्र होता, काकू?'
'एकेचाळीस.'
माझ्याकडे न बघता त्यानं काहीतरी टाइप केलं
आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवला.

शोकाकुल: जोडिदार.

मी चष्मा लावला.
'ड ला दुसरी,' म्हणाले.
आवाज नीट फुटला नाही,
दोनदा सांगावं लागलं.

पैसे तेवढेच पडले.